पगारमर्यादा आणि करारांचे 'नवे-जुने'

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या बातम्यांत दरवर्षी मार्च महिना उजाडला की एका प्रकारची बातमी हमखास वाचावयास मिळते. अमुक संघाने तमुक खेळाडूच्या कराराची पुनर्रचना केली आणि त्यामुळे संघाची इतक्या लाख डॉलर्सची बचत झाली. वाचणाऱ्याचा साहजिकच असा समज होतो की, त्या खेळाडूने संघाच्या भल्यासाठी आपल्या पगारातील तेवढ्या रकमेवर पाणी सोडले. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याने एका डॉलरवरही पाणी सोडलेले नसते. उलट हंगामभर हप्त्याहप्त्याने मिळावयाचे पैसे त्याला आधीच हातात पडलेले असतात. मग संघाचे वाचले काय? आणि काही वाचले नसेल, तर 'बचत' हा शब्द आला कोठून? या दोन प्रश्नांच्या मागे लागून मी जे वाचले व समजून घेतले, ते येथे मांडतो. विषय खेळाचा असला तरी लेख हिशेबाचा आहे, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र बेरीज, वजाबाकी आणि भागाकार यांपलीकडचे गणित यात नाही, तेव्हा माझ्या कला शाखेच्या बंधुभगिनींनी पान उलटण्याची घाई करू नये.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. हा फुटबॉल म्हणजे आपल्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर चिलखतासारखी गादी, आणि चेंडू मुख्यत्वे हातात घेऊन पळावयाचा किंवा फेकावयाचा. पायाचा संबंध अधूनमधून येतो, तरी नाव फुटबॉलच. नॅशनल फुटबॉल लीग या संस्थेत ३२ संघ आहेत. २०२१ पासून प्रत्येक संघ नियमित हंगामात १७ सामने खेळतो आणि त्याच्या मुख्य चमूत ५३ खेळाडू असतात. आक्रमणाचा सूत्रधार जो असतो त्याला 'क्वार्टरबॅक' म्हणतात. सर्वांत मोठे पगार त्याच जागेला मिळतात. एवढी माहिती या लेखापुरती पुरे.

या लीगमध्ये प्रत्येक संघाने वर्षभरात खेळाडूंवर किती खर्च करावा याला मर्यादा आहे. ही पगारमर्यादा मालकांनी सहज लादलेली नाही आणि खेळाडूंनी आनंदाने मागितलेलीही नाही. ती एका सौद्यातून आली. करार संपल्यावरही खेळाडूला मोकळेपणाने दुसऱ्या संघात जाता येत नसे. हे स्वातंत्र्य मिळावे म्हणून खेळाडूंनी १९८७ मध्ये संप केला. मालकांनी बदली खेळाडू उभे करून सामने चालू ठेवले आणि संप महिन्याच्या आतच मोडला. त्यानंतर लढा न्यायालयात गेला. रेगी व्हाइट या नामवंत खेळाडूचे नाव असलेल्या दाव्यातून अखेर १९९३ मध्ये तडजोड झाली. खेळाडूंना हवे ते स्वातंत्र्य मिळाले आणि त्याच्या बदल्यात मालकांना मर्यादा मिळाली. १९९४ मध्ये ती प्रथम लागू झाली तेव्हा आकडा ३ कोटी ४६ लाख डॉलर्स होता. लीगचे उत्पन्न, त्यातही दूरचित्रवाणीचे उत्पन्न, जसे वाढत गेले तसा हा आकडाही चढत गेला. २०२५ मध्ये तो २७ कोटी ९२ लाख डॉलर्सवर पोहोचला होता.

ही मर्यादा कडक आहे. तिकडच्या बेसबॉलमध्ये ठराविक खर्चापलीकडे गेल्यास कर भरून सुटका होते. फुटबॉलमध्ये तशी पळवाट नाही. मार्चच्या मध्यास लीगचे नवे वर्ष सुरू होते. त्या दिवशी प्रत्येक संघ मर्यादेच्या आत असावाच लागतो, आणि मर्यादा ओलांडणारा करार लीगचे कार्यालय मंजूरच करीत नाही. आपल्या आयपीएलमध्येही लिलावासाठी थैलीची मर्यादा असते. २०२५ च्या हंगामासाठी ती प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये होती. परंतु तेथे खेळाडूची एका हंगामाची बोली त्या हंगामाच्या थैलीतून सरळ वजा होते, म्हणून हिशेब एका दमात संपतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये तो संपत नाही, कारण तेथे पैसे देण्याची तारीख आणि ते पैसे मर्यादेत मोजण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळी गंमत, आणि सगळी गोम, येथेच आहे.

खेळाडूला मिळणाऱ्या पैशाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. एक, त्या वर्षाचा पगार. तो ज्या वर्षी दिला त्याच वर्षाच्या मर्यादेत पूर्ण मोजला जातो. दुसरा भाग म्हणजे 'साइनिंग बोनस', अर्थात करारावर सही करताना हातावर ठेवलेली रक्कम. ही रक्कम खेळाडूला आधीच मिळते, पण मर्यादेच्या वहीत ती कराराच्या सर्व वर्षांवर सारखी वाटून लिहिली जाते. मात्र जास्तीत जास्त पाच वर्षांवर. आमच्या वाणिज्य शाखेच्या मित्रांना हे चटकन कळेल. कारखान्याने यंत्र विकत घेतले तर त्याची सारी किंमत एकाच वर्षाच्या खर्चात न टाकता दरवर्षी घसारा धरतात, तसेच हे.

माझ्या मनात मात्र घसारा आला नाही, 'उचल' आली. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, हंगामापूर्वी मुकादम एकरकमी पैसे देतो. ती उचल. पुढे तोडलेल्या उसाच्या मजुरीतून ती फेडावयाची; फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. माझ्या घरी ही बाकी बरीच वर्षे चालत आली होती, त्यामुळे 'आधी पैसा, मागून हिशेब' ही पद्धत मला पुस्तकात शिकावी लागली नाही. मात्र उचल आणि साइनिंग बोनस यांत एक मोठा फरक आहे, आणि तो ध्यानात घेतल्याशिवाय पुनर्रचनेचा अर्थ नीट लागत नाही. त्याकडे पुढे येतो. आधी आकडेमोड पाहू.

एक काल्पनिक खेळाडू घेऊ. त्याच्या कराराची चार वर्षे शिल्लक आहेत आणि प्रत्येक वर्षी त्याला २ कोटी डॉलर्स पगार आहे. म्हणजे एकूण ८ कोटी. यंदा संघाचे मर्यादेचे गणित जुळत नाही. मग संघ काय करतो? यंदाच्या २ कोटींपैकी २० लाख पगार म्हणून ठेवतो आणि उरलेल्या १ कोटी ८० लाखांना साइनिंग बोनसचे नाव देतो. पैसे तेच, देणारा तोच, घेणारा तोच. फक्त पाकिटावरचे नाव बदलले. पण नाव बदलताच ही रक्कम चार वर्षांवर वाटली जाते, दर वर्षी ४५ लाख. यंदाच्या वहीत या खेळाडूच्या नावे २० लाख अधिक ४५ लाख, म्हणजे ६५ लाखच पडतात. आधी २ कोटी पडणार होते. १ कोटी ३५ लाखांची जागा मोकळी झाली. बातमीत जी 'बचत' येते ती हीच. उरलेल्या तीन वर्षांच्या वहीत मात्र प्रत्येकी ४५ लाख वाढले, आणि त्यांची बेरीज बरोबर १ कोटी ३५ लाख येते. म्हणजे वाचले काहीच नाही, पुढे ढकलले.

खेळाडूची संमती यासाठी मिळवावी लागते का, असा प्रश्न कोणी विचारील. बऱ्याच करारांत संघाला हा बदल आपल्या मनाने करण्याची मुभा आधीच लिहून घेतलेली असते. आणि संमती विचारली तरी कोण नाही म्हणणार? सप्टेंबरपासून पुढे आठवड्याच्या हिशेबाने मिळावयाचे पैसे लवकर मिळत आहेत. शिवाय या खेळात दुखापत ही रोजचीच गोष्ट, आणि बहुतेक खेळाडूंच्या पुढच्या वर्षांच्या पगाराची हमी नसते. हातात पडले तेच खरे.

आता दुसरे वर्ष आले. संघाला पुन्हा जागा हवी आहे. पुन्हा २ कोटींतले २० लाख पगार आणि १ कोटी ८० लाख बोनस. पण आता वाटण्यास तीनच वर्षे उरली आहेत, म्हणून दर वर्षी ६० लाख. त्यात मागच्या वर्षीचे ४५ लाख आहेतच. वहीत २० अधिक ६० अधिक ४५, म्हणजे १ कोटी २५ लाख पडले. तिसऱ्या वर्षी तोच प्रयोग केला तर वाटण्यास दोनच वर्षे, म्हणून प्रत्येकी ९० लाख. वहीत पडले २० अधिक ९० अधिक ४५ अधिक ६०, म्हणजे २ कोटी १५ लाख. पुनर्रचना करूनही मूळच्या २ कोटींपेक्षा आकडा वर गेला! आणि चौथ्या वर्षी, जेव्हा वाटण्यास पुढे वर्षच उरले नाही, तेव्हा पूर्ण २ कोटी पगार अधिक मागील साऱ्या बाक्या मिळून ३ कोटी ९५ लाख. चारही वर्षांची बेरीज करून पाहा : ६५ लाख, १ कोटी २५ लाख, २ कोटी १५ लाख आणि ३ कोटी ९५ लाख. बरोबर ८ कोटी. एक डॉलर कमी नाही, एक डॉलर जास्त नाही.

ही आकडेमोड मी कागदावर मांडली तेव्हा मला सोसायटीच्या पीककर्जाची आठवण झाली. मार्चअखेर जुने कर्ज भरून लगेच नवे उचलावयाचे, याला आपल्याकडे 'नवे-जुने करणे' म्हणतात. कर्ज संपत नाही, त्याची तारीख बदलते. योगायोग असा की, फुटबॉल संघांचे नवे-जुने देखील मार्चमध्येच होते. फरक इतकाच की, पगारमर्यादेच्या वहीत पुढे ढकललेल्या रकमेवर व्याज लागत नाही. हा फरक लहान नाही, आणि संघांना मोह पडतो तो यामुळेच.

वाटण्यास वर्षे कमी पडू लागली तेव्हा संघांच्या हिशेबनिसांनी आणखी एक युक्ती काढली. कराराला शेवटी अशी वर्षे जोडावयाची की ज्यांत खेळाडू खेळणारच नाही. ठरल्या दिवशी ती आपोआप रद्द होतात. तिकडे त्यांना 'व्हॉइड इयर्स' म्हणतात. आपण पोकळ वर्षे म्हणू. वरच्या उदाहरणात पहिल्याच वर्षी असे एक पोकळ वर्ष जोडले असते, तर १ कोटी ८० लाख पाचांवर वाटले जाऊन दर वर्षी ३६ लाखच पडले असते आणि यंदाची मोकळी जागा १ कोटी ४४ लाख झाली असती. पण चार वर्षांनी खेळाडू निघून गेला की पाचव्या वर्षाच्या वहीत ३६ लाख त्याच्या नावाने उभे राहतात. तो संघात नाही, मैदानावर नाही, कदाचित प्रतिस्पर्धी संघातून आपल्याविरुद्धच खेळत असेल. पण त्याचे ३६ लाख आपल्या मर्यादेत बसून आहेत. अशा रकमेला तिकडे 'डेड मनी' म्हणतात, मृत रक्कम. नाव अगदी समर्पक आहे.

मृत रक्कम केवळ पोकळ वर्षांमुळेच निर्माण होते असे नाही. बोनस वाटून लिहिलेला असताना खेळाडूला मध्येच मोकळे केले, तर न लिहिलेले उरलेले सर्व हप्ते एकदम त्या वर्षाच्या वहीत येऊन पडतात. आपल्या खेळाडूची एकदाच पुनर्रचना झाली आहे आणि दोन वर्षांनी संघाने त्याला काढले, असे समजा. उरलेले ९० लाख तत्काळ मोजावे लागतील. यात लीगने एक सवलत ठेवली आहे. १ जूननंतर मोकळे केल्यास त्या वर्षी त्या वर्षाचाच हप्ता पडतो आणि उरलेला पुढील वर्षी. म्हणजे ४५ आणि ४५. एवढ्यासाठी जूनपर्यंत थांबावे लागू नये म्हणून प्रत्येक संघाला वर्षाला दोन खेळाडूंना आधीच काढून '१ जूननंतरचे' असे नोंदविता येते. तारखांचा हा खेळ पाहिला की मैदानावरचा खेळ त्यापुढे सरळ वाटू लागतो.

नियमांना वळसा घालण्याचे प्रयत्न पहिल्यापासून झाले. १९९५ मध्ये डॅलस काउबॉइज या संघाने डियॉन सँडर्स याच्याशी सात वर्षांचा, ३ कोटी ५० लाख डॉलर्सचा करार केला. त्यातले सुमारे १ कोटी ३० लाख सहीच्या वेळी आणि सुरुवातीच्या वर्षांचे पगार अगदी किमान, अशी त्याची रचना होती. इतर मालकांनी ओरड केली आणि असे करार आवळणारा नियम आला; त्याला डियॉनचेच नाव पडले. उलट दिशेचे उदाहरण २०१० चे आहे. मालक व खेळाडू यांच्यातील कराराच्या अटींमुळे त्या एका वर्षी मर्यादाच नव्हती. वॉशिंग्टन आणि डॅलस या संघांनी पुढल्या वर्षांचा बोजा त्या मोकळ्या वर्षात ओतून घेतला. लीगने २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या मर्यादेतून ३ कोटी ६० लाख आणि डॅलसच्या मर्यादेतून १ कोटी डॉलर्स कापले. मर्यादा नसलेल्या वर्षी मर्यादा मोडल्याबद्दल ही शिक्षा! मला तरी तिचे समर्थन पटत नाही.

मग पुनर्रचना करणारे संघ मूर्ख आहेत काय? मुळीच नाही. मर्यादेचा आकडा दरवर्षी वाढत असेल, तर आजचे ओझे उद्या हलके होते. २ कोटी डॉलर्स हे २०२१ च्या मर्यादेचे जवळजवळ ११ टक्के होते. तेच २ कोटी २०२५ च्या मर्यादेचे ७ टक्क्यांहून थोडेसेच अधिक. बिनव्याजी कर्ज आणि वाढते उत्पन्न असेल तर कर्ज न काढणाराच वेडा, असे अर्थशास्त्राचा कोणीही विद्यार्थी म्हणेल. फिलाडेल्फिया ईगल्स हा संघ बोनस लांबवर पसरण्यात आणि पोकळ वर्षे जोडण्यात सर्वांत पुढे समजला जातो, आणि त्याने फेब्रुवारी २०१८ व फेब्रुवारी २०२५ अशी दोनदा अंतिम लढत, म्हणजे 'सुपर बोल', जिंकली आहे. तेव्हा पुढे ढकलणे म्हणजे बुडणे, असे सरसकट म्हणता येत नाही.

पण वाढ गृहीत धरली की संकट वाढीच्याच बाजूने येते. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे मैदाने बव्हंशी प्रेक्षकांवाचून राहिली, लीगचे उत्पन्न घटले, आणि मर्यादा १९ कोटी ८२ लाखांवरून २०२१ साठी १८ कोटी २५ लाखांवर खाली आली. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या संघाने अनेक वर्षे करारांचे नवे-जुने करीत आपला गुणी चमू टिकवून धरला होता. २०१७ ते २०२० ही चार वर्षे तो आपल्या गटात लागोपाठ पहिला आला. आणि नेमक्या त्या वेळी तो नव्या मर्यादेच्या सुमारे १० कोटी डॉलर्स वर होता. त्यांचा थोर क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ याने फेब्रुवारी २०२१ मध्ये आपला त्या वर्षीचा पगार २ कोटी ५० लाखांवरून १० लाख ७५ हजारांवर आणण्यास संमती दिली आणि मार्चमध्ये तो निवृत्त झाला. हा पगार त्याला द्यावयाचाही नव्हता आणि घ्यावयाचाही नव्हता. वहीतला आकडा खाली यावा एवढाच हेतू. त्याच्या पूर्वीच्या बोनसचे हप्ते मात्र तो घरी बसल्यावरही संघाच्या वहीत पडत राहिले. सेंट्सनी पुन्हा एकामागून एक पुनर्रचना करून मर्यादा गाठली. पण २०२१ ते २०२४ या चारही हंगामांत हा संघ बाद फेरीत पोहोचला नाही. मार्च २०२५ मध्ये त्यांनी आपला त्या वेळचा क्वार्टरबॅक डेरेक कार याच्या कराराची पुनर्रचना केली. मे महिन्यात खांद्याच्या दुखापतीमुळे तो निवृत्त झाला. दोन महिन्यांचे अंतर!

सेंट्सचे सारे अपयश पुनर्रचनेमुळेच आले असे मी म्हणणार नाही. ब्रीझसारखा खेळाडू गेल्यावर कोणताही संघ खाली येईल. आणि मृत रकमेचा डोंगर डोक्यावर घेऊन चांगले खेळलेले संघही आहेत. टँपा बे बकनीअर्स या संघाने टॉम ब्रेडीला आणून फेब्रुवारी २०२१ मध्ये सुपर बोल जिंकला. त्यानंतर पोकळ वर्षांच्या आधाराने त्याचा बोजा पुढे सरकविला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रेडी कायमचा निवृत्त झाल्यावर त्या वर्षीच्या २२ कोटी ४८ लाखांच्या मर्यादेतील सुमारे ३ कोटी ५१ लाख, म्हणजे १५ टक्क्यांहून अधिक, न खेळणाऱ्या ब्रेडीच्या नावे गेले. तरीही २०२३ मध्ये तो संघ आपल्या गटात पहिला आला. कारण त्याला बेकर मेफील्ड हा स्वस्तातला क्वार्टरबॅक लाभला. डेन्व्हर ब्रॉन्कोजची गोष्ट याहून मोठी. त्यांनी मार्च २०२४ मध्ये रसेल विल्सनला मोकळे केले तेव्हा सुमारे ८ कोटी ५० लाख डॉलर्सची मृत रक्कम २०२४ व २०२५ या दोन वर्षांवर आली. एका खेळाडूपायी तेवढी रक्कम तोवर कोणीच सोसली नव्हती. विल्सनला त्या वर्षी डेन्व्हरकडून ३ कोटी ९० लाख डॉलर्स हमखास मिळणारच होते. म्हणून तो पिट्सबर्गकडून अवघ्या १२ लाख १० हजारांच्या किमान पगारावर खेळला आणि पिट्सबर्गने दिले तेवढेच डेन्व्हरचे कमी झाले. तरी डेन्व्हर २०२४ मध्ये बाद फेरीत गेला, तो बो निक्स या पहिल्याच वर्षाच्या क्वार्टरबॅकच्या बळावर. नवोदितांचे पगार २०११ च्या करारापासून एका कोष्टकात बांधलेले आहेत. म्हणजे मागची बाकी फेडण्याचे दोन मार्ग दिसतात : मर्यादा वाढणे किंवा कोणीतरी स्वस्तात चांगले खेळणे. दुसऱ्या मार्गाचा भार कोणावर पडतो हे सांगावयास नको.

आता उचलीकडे येतो. ऊसतोडीत उचल घेणारा बांधला जातो. हंगाम बुडाला, आजारपण आले, तरी बाकी मजुराच्या नावावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. फुटबॉलमध्ये संघानेच खेळाडूला काढले तर त्याने घेतलेला बोनस त्याचाच राहतो. बाकी संघाच्या वहीवर उभी राहते. खेळाडू आपण होऊन खेळ सोडून गेला तर मात्र संघ हिस्सा परत मागू शकतो. डेट्रॉइट लायन्सचा बॅरी सँडर्स १९९९ मध्ये अचानक निवृत्त झाला तेव्हा लवादाने त्याला बोनसचा काही भाग परत करावयास लावला होता. पण दुखापत झाली, वय झाले, प्रशिक्षकाच्या मनातून उतरला, यांपैकी कोणत्याही कारणाने संघाने दार दाखविले तर पैसे मागता येत नाहीत. येथे उचल देणारा बांधला जातो.

यामुळे पुनर्रचना झालेला खेळाडू अधिक सुरक्षित होतो. आपल्या उदाहरणातला खेळाडू पाहा. तीन वर्षे पुनर्रचना झाल्यावर चौथ्या वर्षी त्याला ठेवले तर ३ कोटी ९५ लाख पडतात आणि काढले तरी १ कोटी ९५ लाख पडतातच. काढणे महाग झाले आहे. त्यामुळे संघ पुष्कळदा त्याला न काढता कराराला आणखी वर्षे जोडून देतो, म्हणजे पुन्हा नवे-जुने.

'पुनर्रचना' या एकाच शब्दाखाली वृत्तपत्रे दोन अगदी भिन्न व्यवहार छापतात, त्याचेही मूळ येथेच आहे. पहिला व्यवहार आपण आतापर्यंत पाहिला. त्यात खेळाडूचा छदामही जात नाही. दुसऱ्यात संघ एखाद्या मधल्या फळीतील, तिशीकडे झुकलेल्या खेळाडूला बोलावून सांगतो की, तुझा पगार इतक्याने कमी करून घे, नाहीतर तुला मोकळे करतो. त्याच्या पगाराची हमी नसते. मार्च उलटला की इतर संघांच्या थैल्याही रिकाम्या होत आलेल्या असतात, म्हणून तो सही करतो. हीसुद्धा बातमीत 'पुनर्रचना'च. वाचताना कोणता प्रकार हे ओळखण्याची खूण सोपी आहे : पुढच्या वर्षांच्या वहीत बोजा वाढला असेल तर पैसे खेळाडूला मिळाले आहेत, वाढला नसेल तर ते त्याच्या खिशातून गेले आहेत.

आणि तिसरी एक यादी असते. मार्चच्या त्याच आठवड्यात मोकळे केलेल्या खेळाडूंची नावे लहान अक्षरांत येतात. त्यांत आपण कधीच न ऐकलेली नावे पुष्कळ असतात. सहीच्या वेळी त्यांना नाममात्र रक्कम मिळालेली असते किंवा मिळालेलीच नसते, म्हणून त्यांच्या नावे पुढे वाटलेला हप्ता नाही. त्यांना काढताना मृत रक्कम उरत नाही. पुनर्रचना करूनही संघाला दहा-वीस लाखांची जागा कमी पडत असेल, तर ती त्यांच्या पगारातून निघते, आणि हिशेबाच्या दृष्टीने तीच सर्वांत स्वच्छ जागा असते. त्यांतल्या काहींना उन्हाळ्यात दुसरा संघ बोलावतो, बहुधा किमान पगारावर. काहींना बोलावत नाही.